शेवटचं बटण गिऱ्हाइकासमोर

२ नोव्हेंबर

चि. टिल्लू,

आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. अकरा वर्षांत तुझ्यासाठी एकही खर्च झालेला नाही, तेव्हा साठा भरपूर आहे. फक्त कुबट वास येतोय का ते बघून घे.

हे पत्र समेटासाठी नाही. आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे उभ्या उभ्या वाचत असशील तर मुद्दाम बसायला नको. समकालीन कला संग्रहालयाचं एक पाकीट माझ्या घरी आलं, तुझ्या नावाचं. त्यांच्या दप्तरात तुझा पत्ता अजून माझाच आहे. एवढ्या आधुनिक लोकांच्या नोंदी एवढ्या शिळ्या असाव्यात याचं मला बरं वाटलं. पाकीट मी फोडलं. दुसऱ्याचं पत्र फोडू नये हे मला कळतं, पण दुसऱ्याच्या माघारी दुकान रिकामं करू नये हे तुलाही कळत होतं. फिटंफाट.

ईमेल करणार होते. पण तुझ्या पत्त्यावरून तुझी साहाय्यक उत्तर देते. मागे मावशी गेल्याचं कळवलं तेव्हा ‘आपल्या संदेशाबद्दल आम्ही आभारी आहोत’ असं आलं होतं. मावशीला ते आवडलं असतं म्हणा. तिचे आयुष्यात कुणी आभार मानले नव्हते.

तर पाकिटातली बातमी अशी. संग्रहालय तो गळका बंगला सोडून रेल्वे यार्डामागच्या जुन्या बर्फाच्या कारखान्यात जातंय. सतरा तारखेला नव्या जागेत दार उघडणार. तुझ्या ‘जे आलेच नाहीत’ या मांडणीला पहिल्या मजल्यावर अख्खं दालन दिलंय. तुला सन्मानाने बोलावलंय, आणि येणं जमत नसेल तर ‘कुटुंबातील कोणी’ आलं तरी चालेल म्हणतात. कुटुंबातलं कोणी म्हणजे मीच. आपल्या घरात आता मी आणि घर एवढेच उरलोत.

तुला आठवण करून द्यायची गरज नाही, पण मला द्यायची आहे. अप्पा जाऊन महिना व्हायचा होता. मी वर्तमानपत्राच्या कचेरीत होते. तू टेम्पो आणलास, आणि शिवणयंत्र, इस्त्री, आरसा सगळं जागच्या जागी ठेवून फक्त कोट दांडीसकट उचललेस. शिवायला टाकून न्यायला कधीच न आलेल्या गिऱ्हाइकांचे एकेचाळीस कोट. सहा महिन्यांनी ते संग्रहालयात टांगलेले दिसले, आणि भिंतीवर लिहिलेलं होतं: ‘अनुपस्थित शरीरांचे सामूहिक चरित्र’. मग मी माझ्या गुरुवारच्या सदरात लिहिलं, ‘एकेचाळीस कोट, माणूस एकही नाही’. शहर हसलं. तू विमान पकडलंस.

जायचं की नाही ते ठरवलेलं नाही. एक निमंत्रण बातमीदार म्हणून आलंय, दुसरं घरची म्हणून. दोन निमंत्रणांवर दोनदा खाऊ देतात का, एवढीच उत्सुकता आहे.

ताई


१८ नोव्हेंबर

चि. टिल्लू,

गेले होते. एकदाच खाऊ दिलं.

काजकाकांना बरोबर नेलं. तू विसरला असशील म्हणून सांगते, अप्पांच्या दुकानात पस्तीस वर्षं कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ज्यांनी फक्त काजं केली ते काजकाका. आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. जुन्या बंगल्यात ते कधीच आले नाहीत. ‘आपणच शिवलेले कोट बघायला तिकीट कशाला काढायचं’ असं म्हणायचे. या वेळी स्वतःहून तयार झाले, कारण नव्या इमारतीला लिफ्ट आहे असं त्यांनी ऐकलं होतं. कलेसाठी गुडघे खर्च करायला ते तयार नव्हते, लिफ्टसाठी कलेकडे दुर्लक्ष करायला तयार होते.

इमारत बघण्यासारखी आहे. सगळीकडे पांढरा रंग, उंच छत, जमिनीत बर्फाचं पाणी वाहून जायच्या जुन्या नाल्या तशाच ठेवून वर काच बसवली आहे. लोक त्या काचेवर वाकून कोरडी नाली बघतात आणि मान हलवतात. दिशादर्शक बाण इतक्या सुरुचीने लहान केलेत की ते शोधायला वेगळे बाण लागतील. बसायला म्हणून जे ठेवलंय ते ठोकळे आहेत, आणि बघायला म्हणून जे ठेवलंय तेही ठोकळे आहेत. काजकाका प्रत्येकापाशी थांबून पहारेकऱ्याला विचारायचे, “हे बघायचं की बसायचं?” तीनदा उत्तर मिळालं. चौथ्यांदा पहारेकऱ्यालाच माहीत नव्हतं. तो फोन करायला गेला, तोवर काजकाका बसून उठलेसुद्धा.

दाराशी त्यांच्या खिशातली धागा कापायची छोटी कात्री काढून घेतली. चाळीस-पन्नास वर्षं ती कात्री त्यांच्या डाव्या खिशात आहे. पावती दिली, त्यावर ‘शस्त्र, १’ असं लिहिलं. काकांना राग यायला हवा होता, पण त्यांनी पावती दोनदा वाचली आणि नीट घडी करून ठेवली. त्या कात्रीला एवढा मान कुणी दिला नव्हता.

संचालकबाईंचं भाषण झालं. भाषणात त्यांनी तुझ्या कोटांचं विशेष कौतुक केलं, म्हणजे कोटांचं नाही, कोटांच्या दुरुस्तीचं. इथे मी हातातली बशी खाली ठेवली.

झालं असं. हलवाहलवीच्या आधी प्रत्येक वस्तूची तपासणी झाली. त्यात त्यांच्या जतन विभागाच्या मुलीला आढळलं की एकेचाळीस कोटांपैकी एकेचाळीस कोटांचं शेवटचं बटण गायब आहे. काज आहे, बटण नाही. जुनी नोंदवही काढली, तर त्यात कुणा कारकुनाने सगळ्यांपुढे ‘बटणे पूर्ण’ असा एकच शेरा वरून खाली ओढलेला. म्हणजे बटणं होती आणि हरवली, असा सरळ अर्थ निघाला. मुलगी बिचारी तीन महिने जुन्या बाजारांतून, बंद पडलेल्या दुकानांतून फिरली. प्रत्येक कोटाच्या इतर बटणांशी रंग, जाडी आणि भोकं जुळवून तिने एकेचाळीस बटणं मिळवली, आणि त्या काळचा दोरा शोधून स्वतःच्या हातांनी लावली. दालनाबाहेर या शोधाची बारा मिनिटांची फिल्म चालू असते. त्यात ती एका बटणाकडे भिंगातून बघताना दिसते. मागे सनई वाजते.

तुला आणि मला जे झोपेतही माहीत आहे ते त्या अख्ख्या इमारतीत कुणालाच माहीत नव्हतं. शेवटचं बटण अप्पा गिऱ्हाइकासमोर लावायचे. कोट अंगात घालायचा, बाकीची बटणं लावायची, आरशात बघायचं, आणि मग त्या दिवशीचं पोट जिथे सांगेल तिथे शेवटचं बटण. माप दिलेलं पोट आणि न्यायला आलेलं पोट एकच असेल याची अप्पांना कधी खात्री वाटली नाही. बटण लागलं की कोट गिऱ्हाइकाचा. तोवर तो दुकानाचा. हे तू संग्रहालयवाल्यांना एकदा तोंडी सांगितलंस आणि कागदावर लिहून दिलं नाहीस, कारण मोठे कलावंत स्पष्टीकरणं देत नसतात.

कोट छान टांगलेत, हे कबूल करायला हवं. प्रत्येकाच्या खिशातली अप्पांची चिठ्ठी आता बाहेर काचेत लावलीय. अप्पा चिठ्ठीवर नाव लिहीत नसत. नावं सारखीच असतात, खांदे नसतात, म्हणायचे. लोक मान तिरकी करून वाचत होते: ‘डावा खांदा उतरता, सांगू नये.’ ‘डॉक्टर. पोट वाढते, ऐकत नाही.’ ‘लग्न मोडले, तरी शिवा म्हणाला.’ एक जोडपं त्या मोडलेल्या लग्नापाशी बराच वेळ हसत होतं, मग धरलेले हात सोडून पुढच्या कोटाकडे गेलं.

काजकाका पहिल्या कोटापाशी गेले. चष्मा कपाळावर सरकवून बटणाचा टाका बघितला. म्हणाले, टाका चांगला आहे, बटणाखालची दोऱ्याची मान पण नीट गुंडाळलीय. मग वाकले आणि दाताने दोरा तोडला. बटण माझ्या हातात दिलं. मला काही सुचेपर्यंत ते दुसऱ्या कोटाकडे वळले होते. त्यांना वर चार आणि खाली पाच दात आहेत, पण नेमके समोरासमोर आहेत.

तुला वाटेल गोंधळ उडाला असेल. तसं झालं नाही. लोकांनी अर्धवर्तुळ केलं. पहारेकऱ्याने खांद्यावरच्या यंत्रात विचारलं की कार्यक्रमपत्रिकेत म्हातारा कोट चावतो असं काही आहे का. पलीकडच्याला माहीत नव्हतं. पण नव्या जागेच्या पहिल्याच दिवशी ‘मला माहीत नाही’ म्हणायची कुणाची तयारी नव्हती. एका बाईंनी मला हळूच विचारलं की हे रोज असतं का, आणि पुढची वेळ कोणती. मी म्हटलं, दातांवर अवलंबून आहे.

चौथ्या कोटाला संचालकबाई पोचल्या. बाईंचा चेहरा त्या इमारतीच्या रंगाचा झाला होता. काजकाकांनी त्यांना आपुलकीने विचारलं, “बाई, हे कोट पूर्ण तुम्ही केले?”

बाई म्हणाल्या, “हो, आमच्या जतन विभागाने. तीन महिने खपून.”

“मग गिऱ्हाईक आलं होतं का?”

यावर बाईंनी माझ्याकडे पाहिलं. अर्ध्या तासाने आम्ही त्यांच्या खोलीत बसलो होतो आणि जतनवाली मुलगी हातमोजे काढून रडत होती. मीच सगळं सांगितलं. ती म्हणाली, “उसवायला मला एक दिवस लागेल. पण कलावंताच्या लेखी परवानगीशिवाय आता धाग्यालाही हात लावता येणार नाही. एकदा लावला, तेच फार झालं.” संचालकबाई तुला लिहिणार आहेत. आधी शब्द शोधतायत. चांगल्या शब्दांत सांगतील, तेवढा वेळ दे त्यांना.

मी यावर सदरात एक अक्षर लिहिणार नाही. त्या मुलीचा चेहरा बघून तिथेच शब्द दिला.

निघताना काजकाका शेवटच्या कोटापाशी बराच वेळ उभे राहिले. मला काहीतरी विचारलं. गर्दी होती, मला ऐकू आलं नाही. मी तो कोट काही नीट पाहिला नाही.

ताई


२७ नोव्हेंबर

चि. टिल्लू,

हो, लिहिलं.

आता मी अशी सुरुवात करू शकते की संपादक मागे लागले होते, गुरुवार तोंडावर होता, दुसरा विषय नव्हता. यातलं एकही खरं नाही. विषय तीन होते. पण तूच सांग, एखाद्या बाईने तीस वर्षं लोकांच्या चुका विकून पोट भरलं, आणि एक दिवस एकेचाळीस बटणांची, सनई लावलेली चूक तिच्या मांडीवर येऊन बसली, तर तिने काय तिला झोका द्यायचा? ‘पूर्णत्वाचा रोग’ असं नाव दिलं. दोन तासांत लिहून झालं. इतकं सुरेख लिहिलं होतं की मला माझाच शब्द आठवेना.

शहर पुन्हा हसलं. मला वाटलं होतं तू तिथे कशाला वाचतोयस. पण तुझी साहाय्यक वाचते. संचालकबाईंचं चांगल्या शब्दांतलं पत्र अजून तिसऱ्या मसुद्यात होतं, तोवर तुझं उत्तर आलं. बाईंनी मला फोनवर वाचून दाखवलं. त्यांना वाटलं, पुढचा भाग आपल्याला मिळाला नाही. मी सांगितलं, आमच्या घरात पत्र एवढंच असतं.

‘हे आता माझं काम नाही. कोट टाकून द्या.’

तू रागावलायस हे मी समजू शकते, रागावणं हा आपल्याकडचा एकमेव गृहोद्योग आहे. पण तू सही केलेल्या कागदात काय लिहिलंय ते तुला माहीत आहे का? कलावंताने काम नाकारलं की ते संग्रहातून वगळायचं, आणि वगळलेल्या वस्तूंची महिन्याभरात विल्हेवाट. तुझं पत्र बावीस तारखेचं. म्हणजे बावीस डिसेंबर. नव्या इमारतीत जागेची फार किंमत आहे, सामान ठेवत नाहीत. जुन्या बंगल्यात उंदरांच्या भरवशावर का होईना, पडून तरी राहिलं असतं.

जतनवाली मुलगी घरी आली होती. मला वाटलं भांडायला आली. तिने सदराचं कात्रण आणलं होतं, त्यातली एक चूक दाखवली: मी चार भोकांची बटणं लिहिलं होतं, अठरा कोटांना दोन भोकांची आहेत. एवढं बोलून चहा पिऊन गेली. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिला मी स्वयंपाकघरात बसवलं नाही. बाहेरच्या खोलीत बसवलं. का, ते नंतर सांगेन, किंवा नाही सांगणार.

तू दोन ओळी लिही. ‘उसवा. ठेवा.’ दोनच शब्द झाले बघ, ओळीसुद्धा नकोत. माझ्यावर उपकार म्हणून नको. त्या मुलीवर म्हणून लिही.

ताई


१ डिसेंबर

टिल्लू,

उत्तर आलं नाही. हे पत्र कुरियरने पाठवतेय. बसून वाच.

काजकाका सकाळी आले होते. काठी दाराला टेकवली, पाणी प्यायले, आणि त्या दिवशी संग्रहालयात विचारलेलं पुन्हा विचारलं. तेव्हाही मला ऐकू आलं होतं.

“त्याला सांगितलंस का?”

मी म्हटलं, नाही. म्हणाले, “मग आता टाकून देतायत तेव्हा तरी सांग.”

तर सांगते. एकेचाळिसावा कोट. करडा, बारीक उभ्या रेघेचा. चिठ्ठीवर लिहिलंय, ‘हात लांब सोडावे. अजून वाढेल.’ तू या कोटांवरच्या तुझ्या त्या जाड पुस्तकात या पाच शब्दांवर चार परिच्छेद लिहिलेस. मला पाठ आहेत. ‘एका अनामिक पित्याने आपल्या कोवळ्या मुलासाठी शिवायला टाकलेल्या वस्त्रातून मध्यमवर्गाची अपत्यरूपी आशा व्यक्त होते.’ टिल्लू, कोवळा मुलगा सहा फुटांचा होता आणि सव्वीस वर्षांचा होता. मिशी होती त्याला. तुझा आहे तो कोट.

तू घर सोडून दोन वर्षं झाली होती. ‘लोकांची मापं घेत मी जन्म काढणार नाही’ असं दुकानाच्या पायरीवर उभं राहून सांगून गेला होतास, आणि अप्पा काही बोलले नव्हते, तोंडात टाचण्या होत्या. मग तुला तो पहिला पुरस्कार मिळाला. आमच्याच वर्तमानपत्रात तुझा फोटो आला, कुणाचा तरी मागून आणलेला कोट घालून. मी अंक दुकानात नेला. अप्पांनी बातमी वाचली नाही. फोटो खिडकीपाशी नेऊन पाहिला आणि म्हणाले, “खांदा पडलाय.” त्याच दुपारी कापड फाडलं. छाती तुझ्या जुन्या शर्टावरून घेतली, खांदा फोटोवरून. काजकाकांनी काजं केली, ती आजही बघ, इतर कुणाच्याही कोटाला इतकी बारीक काजं नाहीत. मग तो दांडीला शेवटी लागला, आणि पुढची तीन वर्षं अप्पा रोज सकाळी त्याच्यावरून ब्रश फिरवायचे. मी एकदा म्हटलं, पाठवून देऊ या. म्हणाले, “बटण राहिलंय. न्यायला येईल तेव्हा सांग त्याला. बोलवायचं नाही. गिऱ्हाईक आपल्या पायांनी येतं.”

मग अप्पा गेले आणि तू आलास. आपल्या पायांनी नाही, टेम्पोने. एकेचाळीस कोट नेलेस, त्यात तुझाही गेला. त्याला ‘न्यायला आला’ म्हणायचं की नाही, हे मला अकरा वर्षं ठरवता आलं नाही.

तुझ्या त्या पहिल्या प्रदर्शनाला मी आले होते, तुला ठाऊक नाही. खांबामागे उभी होते. तू हातात ग्लास घेऊन पाहुण्यांना एकेक कोट दाखवत होतास. एकेचाळिसाव्यापाशी आलास, त्याच्या बाहीवर हात ठेवलास आणि सांगितलंस की ही सगळी अनोळखी माणसं आहेत. शेजारी लोंबणारी बाही तुझ्या मनगटाच्या खाली दोन बोटं येत होती. मी तिथेच पुढे येऊन सांगायला हवं होतं. त्याऐवजी घरी जाऊन सदर लिहिलं. लोकांना वाटलं, बहीण असूनही काय निर्भीड लिहिते. निर्भीड कसली. तुला कळलं नाही याचा राग आला होता, आणि न कळलेल्या माणसाला सांगण्यापेक्षा हसणं सोपं जातं. मला तर त्याचा पगार मिळतो. ‘माणूस एकही नाही’ हे मथळ्यातच खोटं होतं. एक होता.

आणखी एक. स्वयंपाकघरात फळीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. दुकानातली ही एकच वस्तू तू बघितलीही नाहीस आणि मी उचलून आणली. त्यात एकेचाळीस पुड्या आहेत, प्रत्येक पुडीत एक बटण, वर अप्पांच्या अक्षरात खूण. ती मुलगी तीन महिने जी बटणं शोधत गावभर फिरली ती माझ्या गॅसच्या डोक्यावर होती. म्हणून तिला बाहेरच्या खोलीत बसवलं. काल तिच्याकडे डबा घेऊन गेले. तिने झाकण उघडलं, पुड्या मोजल्या, आणि पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, “तुमच्या घरात कुणीच कुणाला काही सांगत नाही का हो?”

मी म्हटलं, आम्ही छापतो, नाहीतर टांगतो.

एवढंच आहे. माझ्यावर रागवायचं तेवढं रागव, त्याला मुदत नाही. बावीस तारखेला मात्र आहे. कोट टाकून देतील, टिल्लू. ते लोक तुझं ऐकतात.

ताई


१६ डिसेंबर

चि. टिल्लू,

पाकीट मिळालं. नेहमीप्रमाणे पत्र नाही. संग्रहालयाच्या नावाने एक कागद, ‘उसवा. ठेवा. शेवटचा वगळून.’ म्हणजे अगदी दोन शब्दांत तुला जमलं नाहीच. आणि एक चिठ्ठी, अप्पांच्या चिठ्ठीएवढी फाडलेली, कुठलंही नाव नसलेली:

‘छाती ४२. पोट ४०, श्वास धरून. खांदा तोच. हात तेवढेच. वाढले नाहीत.’

मी ती टेबलावर ठेवली आणि जरा भांडी घासली. घासलेली होती, पुन्हा घासली.

मग काजकाकांकडे नेली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचली आणि म्हणाले की ४० खोटं आहे, श्वास धरूनसुद्धा. पण काळजीचं कारण नाही. अप्पांनी दोन्ही बाजूंच्या शिवणीत दीड-दीड इंच माया सोडलीय, लागेल तेव्हा उसवून सैल करायला. इतर कुठल्याही कोटात अर्ध्या इंचाच्या वर नाही. कापड वाया घालवायचा माणूस नव्हता तो.

शनिवारी चाळीस कोटांची बटणं उसवली. तीन तर काकांनी आधीच काढली होती, त्याबद्दल त्यांचं नाव कागदोपत्री ‘साहाय्यक, जतन विभाग’ असं लागलंय. कात्री परत मिळाली. ‘शस्त्र, १’ची पावती मात्र त्यांनी दिली नाही, घरी लावायची आहे म्हणाले. बाहेरची फिल्म तशीच ठेवलीय, फक्त शेवटी एक वाक्य जोडलं: ‘ही चूक होती.’ सनई काढली. लोक आता फिल्म जास्त बघतात. मी सदरातही माफी मागितली, दोन भोकं आणि चार भोकं यांच्या घोळासकट. वाचकांना ते फारसं आवडलेलं नाही. सात पत्रं आली, ताईंची तब्येत बरी आहे का म्हणून.

एकेचाळिसाव्याचं बटणही उसवलं. तुझ्या कागदात ‘शेवटचा वगळून’चा अर्थ काय, यावर संचालकबाईंनी बैठक घेतली होती. कायद्याचा सल्लागार म्हणाला, शेवटचा कोट उसवायचा नाही. जतनवाली म्हणाली, उसवायचा, पण ठेवायचा नाही. काजकाका म्हणाले, गिऱ्हाईक येतंय. बैठक संपली.

संचालकबाईंना तू येशील त्या दिवशी निमंत्रितांसमोर छोटासा समारंभ करायचा होता. मी साफ नाही म्हटलं. पोट मोजताना गिऱ्हाइकाला चारचौघं नको असतात. त्यांनी ऐकलं. मोठ्या आरशाची व्यवस्था मात्र करणार आहेत. आपल्या दुकानातलाच आरसा देते म्हटलं, वरचा कोपरा उडालेला आहे तेवढा.

आता दालनात एक स्टूल ठेवलंय. काजकाका रोज लिफ्टने वर जातात आणि दुपारपर्यंत त्यावर बसतात. लोक पहारेकऱ्याला विचारतात, हे बघायचं की बसायचं? डबा परत माझ्याकडे आलाय. त्यातली ‘अजून वाढेल’ची पुडी काढून पर्समध्ये ठेवलीय. उघडून बघितली नाही. ते बटण गिऱ्हाइकासमोर काढायचं असतं.

कधी येणार ते कळवू नकोस. बाईंनी मला दिवस आणि वेळ विचारली होती, मी सांगितलं की न्यायला येणारं गिऱ्हाईक वेळ सांगून येत नाही. फक्त सोमवारी बंद असतं.

आणि टेम्पो आणू नकोस.

ताई